उन्हाच्या सालाची किंमत

(आकाशवाणीवरून प्रसारित झालेल्या भाषणाचा संपादित भाग)

२०१३ चा मे महिना होता. वडीगोद्रीत आमच्या शेतातली मोसंबीची बाग तोडून आठ दिवस झाले होते. १९९५ मध्ये लावलेली ३१० झाडं. आदल्या वर्षी पाऊस रुसला, जायकवाडीच्या डाव्या कालव्याला पाणी सुटलं नाही, विहिरीने तळ दाखवला. काही दिवस टँकरने पाणी घातलं. टँकरचा खर्च बागेच्या उत्पन्नाच्या पुढे गेला तेव्हा अब्बांनी वखारवाल्याला निरोप धाडला. जालना जिल्ह्यात त्या वर्षी हेच चित्र होतं. रस्त्याने जाताना दोन्ही बाजूंना मोसंबीच्या वाळल्या बागा दिसत.

त्या सुट्टीत माझा भाचा पुण्याहून आला होता. लोकांचे पैसे कुठे गुंतवावेत हे सांगणाऱ्या एका कंपनीत तो काम करतो. संध्याकाळी आम्ही तिघं ओट्यावर बसलो होतो. बोलता बोलता तो म्हणाला, "मामू, परदेशात लोक सोनं घेतात तशी वाइन घेतात. प्यायला नाही, ठेवायला. आणि गंमत म्हणजे ज्या साली ऊन कडक पडलं त्या सालची बाटली जास्त महाग."

अब्बा इतका वेळ गप्प होते. ते म्हणाले, "बेटा, मग आपलं हे साल कुणी विकत घेईल का?"

भाचा हसला. मीही हसलो. पण तो प्रश्न डोक्यातून गेला नाही. मी उर्दू वाचत वाढलेला आणि मराठीत लिहिणारा कवी. गझलेमुळे साकी, जाम, मैखाना हे शब्द माझ्या रोजच्या वापरातले आहेत, पण त्यातला थेंबही मी कधी ओठाला लावलेला नाही. तेव्हा वाइनची चव मी तुम्हाला सांगू शकणार नाही. उन्हाच्या सालाला किंमत कशी आली, कुणी दिली आणि कुणाला ती मिळाली नाही, एवढंच मी शोधलं. तो शोध मला थेट दोन हजार वर्षं मागे घेऊन गेला.

इसवी सन पूर्व १२१. रोममध्ये त्या वर्षी ल्युशियस ओपिमियस नावाचा कॉन्सल सत्तेवर होता. रोमन लोक वर्षाला कॉन्सलचं नाव देत, म्हणून ते साल 'ओपिमियसचं साल'. त्या वर्षी इटलीत असं ऊन पडलं की द्राक्षं वेलीवरच जणू शिजली. रोमन लोकांनी त्याला 'शिजवणं' असाच शब्द वापरला आहे. त्या सालची वाइन इतकी नावाजली की श्रीमंतांनी तिचे रांजण तळघरात जपून ठेवले. जवळजवळ दोनशे वर्षांनी प्लिनी नावाच्या लेखकाने आपल्या ग्रंथात तिच्याबद्दल लिहिलं. तोवर ती आटून कडवट मधासारखी झाली होती आणि नुसती पिता येत नव्हती. दुसऱ्या वाइनला चव आणण्यासाठी तिचा थेंब घालत.

म्हणजे पिण्याची वस्तू पिण्यालायक राहिली नव्हती, तरी तिची किंमत चढतच होती. प्लिनीने हिशोब मांडला तो एखाद्या सावकारासारखा. मूळ किंमत एका रांजणाला १०० सेस्टर्स धरा, व्याज सालाला ६ टक्के, मुदत १६० वर्षं. आता आपणही पाटी घेऊन बसू. सरळ व्याज लावलं तर शंभराचे १०६० होतात. चक्रवाढ लावलं तर ११ लाखांच्या वर जातात. सरळ आणि चक्रवाढ यांतला हा फरक मराठवाड्यातल्या शेतकऱ्याला वेगळा समजावून सांगायला नको. फक्त तो नेहमी या हिशोबाच्या दुसऱ्या बाजूला उभा असतो.

ओपिमियसच्या त्या सालात आणखी एक गोष्ट घडली. गायस ग्राकस नावाचा लोकांचा पुढारी त्या वर्षी मारला गेला. रोमच्या गरिबांना स्वस्त दरात धान्य मिळावं म्हणून त्याने कायदा केला होता. त्याचा थोरला भाऊ टायबेरियस याने भूमिहीनांना जमीन वाटण्याचा कायदा आणला होता, तोही आधीच मारला गेला होता. गायसच्या विरोधात कारवाई केली ती याच ओपिमियसने. गायसचं शिर आणणाऱ्याला शिराच्या वजनाइतकं सोनं, अशी दवंडी पिटली गेली. प्लुटार्क सांगतो की त्या वेळी तीन हजार माणसं मारली गेली. पुढे याच ओपिमियसने 'एकोप्याच्या देवीचं' देऊळ बांधलं. पण दोनशे वर्षांनी रोमन श्रीमंताच्या जेवणावळीत ओपिमियसचं नाव निघे ते वाइनमुळे. रांजणाने त्या सालचं ऊन जपून ठेवलं होतं, बाकी काही नाही.

तुम्ही म्हणाल, रोम कुठे आणि वडीगोद्री कुठे? अंतर वाटतं तेवढं लांब नाही. आमचं गाव अंबड तालुक्यात, धुळे-सोलापूर महामार्गावर. शहागडला गोदावरी. नदीच्या वरच्या अंगाला पैठण, म्हणजे सातवाहनांचं प्रतिष्ठान. दक्षिणेला धाराशिव जिल्ह्यात तेर, म्हणजे जुनं तगर. पहिल्या शतकात एका ग्रीक व्यापाऱ्याने समुद्रप्रवासाची जी माहितीवही लिहिली, तिला 'पेरिप्लस' म्हणतात, तिच्यात ही दोन्ही नावं आहेत. भडोच बंदरापासून दक्षिणेला वीस दिवसांच्या वाटेवर पैठण आणि तिथून पूर्वेला दहा दिवसांवर तगर. इथून गाड्यांवर लादून अकीक आणि कापड भडोचला जाई. आणि भडोचला उतरणाऱ्या मालाच्या यादीत पहिलं नाव वाइनचं आहे. त्यातही इटलीची पहिली पसंतीची. राजासाठी म्हणून जो खास नजराणा येई, त्यात उंची वाइन वेगळी नमूद केलेली आहे.

ज्ञानेश्वरी जिथे सांगितली गेली त्या नेवाशाला ह. धी. सांकलिया यांनी १९५४ ते १९५६ या काळात उत्खनन केलं. तिथे रोमन बनावटीच्या दोन कानांच्या रांजणांचे तुकडे सापडले. जुन्नरच्या लेण्यांत यवन दात्यांचे शिलालेख आहेत. आणि हाच प्लिनी, ज्याने ओपिमियसच्या वाइनचं व्याज काढलं, तो दुसऱ्या एका ठिकाणी गळा काढतो की हिंदुस्थान दरवर्षी आमचे ५ कोटी सेस्टर्स गिळतो. म्हणजे गोदाकाठच्या विणकऱ्याचं कापड तिकडे जात होतं आणि तिकडच्या उन्हाने शिजलेली वाइन इकडच्या राजवाड्यात येत होती. विणकऱ्याच्या वाट्याला त्यातलं काय आलं, याची नोंद त्या वहीत नाही.

आपल्याकडे द्राक्षं नव्हती असं मात्र नाही. महंमद तुघलकाने १३२७ मध्ये राजधानी दौलताबादला हलवली. काही वर्षांनी मोरोक्कोचा प्रवासी इब्न बतूता तिथे आला. त्याने लिहून ठेवलं आहे की इथे द्राक्षं आणि डाळिंबं होतात आणि ती वर्षातून दोनदा पिकतात. थंड प्रदेशातली वेल हिवाळ्यात झोपते. आपल्याकडे तिला झोप नाही. आजही द्राक्षबागायतदार एप्रिलमध्ये खरड छाटणी घेतो आणि ऑक्टोबरमध्ये फळछाटणी. हबशी, साहेबी, फकडी, भोकरी ही आपल्याकडच्या जुन्या द्राक्षांची नावं. ती नुसती उच्चारली तरी तोंडाला पाणी सुटतं. पण ही सगळी खाण्याची द्राक्षं होती.

शब्दांच्या बाजूने पाहिलं तर इराणने आपल्याला वाइन फार दिली. फारसीत वाइनला 'दुख्तर-ए-रज' म्हणतात, द्राक्षवेलीची मुलगी. फारसीचे प्राध्यापक असलेले आपले माधव जूलियन, म्हणजे माधव त्र्यंबक पटवर्धन, यांनी उमर खय्यामच्या रुबाया १९२९ मध्ये मूळ फारसीवरून मराठीत आणल्या आणि १९३१ मध्ये पुन्हा एक पुस्तक काढलं. त्याचं नाव 'द्राक्षकन्या'. नाशिकच्या मळ्यांत आज वाइनसाठी जी काळी द्राक्षं लावतात त्यांतली एक प्रमुख जात 'शिराज'. हाफिज आणि सादी यांचं गाव शिराज. मला वाटायचं, चला, ही वेल तरी आपल्या शायरांच्या गावची. पण १९९० च्या दशकाच्या अखेरीस शास्त्रज्ञांनी तिची जनुकं तपासली. तिचे आईबाप दोघंही आग्नेय फ्रान्समधले निघाले. शिराजशी तिचं नातं फक्त नावापुरतं.

आता उन्हाने वाइनचं काय होतं ते पाहू. द्राक्षात दोन गोष्टींचा झगडा चालू असतो, साखर आणि आंबटपणा. ऊन वाढलं की साखर चढते आणि आंबटपणा उतरतो. साखरेचं पुढे मद्यार्क होतं. सालीचा रंग आणि तुरटपणा गडद होतो. पाणी कमी असेल तर मणी लहान राहतो आणि रस दाट होतो. मोसंबीवाल्याला हे लगेच कळेल. आंबे बहार धरायचा तर आपण झाडाचं पाणी तोडतो. त्याला आपला शब्द आहे 'ताण देणं'. ताण बसल्याशिवाय फूल लागत नाही. पण ताण किती दिवस द्यायचा हे हातात असलं पाहिजे. २०१२ मध्ये ते आमच्या हातात राहिलं नाही.

उन्हाच्या सालातल्या सगळ्यांत गाजलेल्या लाल वाइनचं वर्ष ऐकून तुम्ही चमकाल. १९४७. फ्रान्सच्या बोर्दो भागात सांतेमिलियों नावाचं गाव आहे. तिथल्या 'शवाल ब्लां' या मळ्यात त्या वर्षी विलक्षण उन्हाळा झाला. सप्टेंबरात तोडणी झाली तेव्हाही उकाडा होता. द्राक्षात साखर इतकी की पिंपात रस आंबायला लागल्यावर तापमान हाताबाहेर गेलं, यीस्ट मेलं आणि आंबण्याची क्रिया अर्ध्यावर थांबली. थोडी साखर तशीच राहिली, मद्यार्क १४ टक्क्यांच्या वर गेलं आणि सिरक्याच्या वासाची आम्लं वाढली. आजच्या एखाद्या वाइन कारखान्यात असा माल निघाला तर रसायनशास्त्राचा पदवीधर तो नापास करील.

सिरका आमच्या स्वयंपाकघरातला. दारू हराम, पण तिचाच पुढे सिरका झाला की तो हलाल. दादी कांद्यावर सिरका घालून ठेवायची, त्याची मला आठवण झाली. १९४७ ची ती वाइन दारू आणि सिरका यांच्या उंबऱ्यावर थांबलेली वाइन आहे. ती पलीकडे गेली नाही, हा निव्वळ योगायोग. आणि त्याच योगायोगाला आज किंमत आहे. नोव्हेंबर २०१० मध्ये जिनिव्हात क्रिस्टीजच्या लिलावात त्या वाइनची सहा लिटरची एक बाटली ३,०४,३७५ डॉलरला गेली. त्या वेळच्या दराने सव्वा कोटी रुपयांहून जास्त. सहा लिटर म्हणजे आपण दूधवाल्याच्या मापाने मोजतो तेवढं.

१९४७ चा उन्हाळा आमच्याकडे १३५६ फसली. निजामाच्या राज्यात फसली सन चाले. फसल म्हणजे पीक, पिकाच्या हंगामावर बांधलेलं वर्ष. अब्बा तेव्हा नऊ वर्षांचे होते. त्या उन्हाळ्याचं त्यांना काही आठवत नाही. पुढच्या वर्षीचा सप्टेंबर मात्र त्यांना तारखेसह आठवतो. १७ सप्टेंबर १९४८ ला मराठवाडा मुक्त झाला. त्याच्या आधी रझाकारांची भीती होती आणि नंतरच्या काही आठवड्यांत आमच्यासारख्या घरांनाही भीती काय असते ते कळलं. गावातल्या लोकांनी आम्हाला सांभाळलं, म्हणून आम्ही आजही वडीगोद्रीत आहोत. एका सालावर किती गोष्टी लिहिलेल्या असतात! बाटलीवरच्या कागदावर मात्र नुसता आकडा असतो.

हा व्यापार चालतो कसा? तो आपल्याला अनोळखी नाही. मोसंबी फुलावर असताना बागवान येतो, बाग फिरून पाहतो, उक्ता सौदा करतो आणि विसार देऊन जातो. बोर्दोत नेमकं हेच होतं. तोडणी झाल्यावर येत्या वसंतात पिंपातला कोवळा माल चाखून भाव ठरतो, पैसे आधी मोजायचे आणि बाटली साधारण दोन वर्षांनी घ्यायची. पुढे ती थंड, अंधाऱ्या गोदामात आडवी ठेवायची आणि वाट पाहायची. मळ्याचा माल त्या वर्षी निघाला तेवढाच, पुन्हा तो होणे नाही. लोक पीत जातात तशा बाटल्या कमी होतात. उरलेल्यांचा भाव चढतो. दुसऱ्याने प्यायल्याशिवाय माझी बाटली महाग होत नाही, असा हा मजेदार धंदा आहे.

१९८२ हे असंच उबदार, भरघोस साल. रॉबर्ट पार्कर नावाच्या अमेरिकन समीक्षकाने त्याची तोंड भरून तारीफ केली, ती खरी ठरली आणि पार्करचा शब्द बाजारात नाण्यासारखा चालू लागला. तो शंभरपैकी गुण देई. गुणांवर भाव ठरू लागले. २००० मध्ये लंडनला वाइनचा 'लिव्ह-एक्स' हा सौदा बाजार उभा राहिला, शेअर बाजारासारखा निर्देशांक निघाला. २००८ मध्ये हाँगकाँगने वाइनवरचा कर उठवला आणि चिनी गिऱ्हाईक उतरलं. 'लाफीत' नावाच्या मळ्याने २००८ च्या बाटलीवर चिनी लिपीतला आठचा आकडा कोरायचं जाहीर केलं, कारण चीनमध्ये आठ शुभ. नुसत्या त्या बातमीने भाव उसळला. आत वाइन तीच होती. २०११ च्या मध्यावर निर्देशांक शिखरावर गेला आणि तिथून घसरत राहिला. ज्यांनी शिखरावर घेतली ते बाटल्या मोजत बसले.

आणि जिथे मोल तिथे भेसळ. रुडी कुर्नियावान नावाचा तरुण अमेरिकेत दुर्मीळ वाइनचा मोठा जाणकार म्हणून मिरवत होता. २००८ मध्ये न्यूयॉर्कच्या एका लिलावात त्याच्या बाटल्या आल्या. त्यांतल्या काहींवर एका फ्रेंच मळ्याचं नाव आणि १९४५ पासूनची सालं होती. त्या मळ्याचा मालक लॉरां पोन्सो स्वतः लिलावात जाऊन उभा राहिला. कारण ती वाइन त्याच्या घराण्याने १९८२ च्या आधी कधी केलीच नव्हती. पुढे तपासात रुडीच्या घरातच नकली बाटल्यांचं दुकान सापडलं. २०१४ मध्ये त्याला दहा वर्षांची शिक्षा झाली. जे साल कधी उगवलंच नाही ते त्याने विकलं होतं. आणि घेणारे ते चाखून वाहवा करत होते.

महाराष्ट्रात काय झालं? १९८० च्या दशकात श्यामराव चौगुले यांनी नारायणगावला फ्रेंच तज्ज्ञांच्या मदतीने फेसाळती वाइन केली. परदेशात ती 'उमर खय्याम' या नावाने विकली गेली. यवन दात्यांचे लेख असलेलं जुन्नर आणि हे नारायणगाव, दोन्ही एकाच तालुक्यात. खय्याम हा मुळात गणिती आणि पंचांगाचा माणूस. १०७९ मध्ये इराणात जे जलाली पंचांग सुरू झालं ते ठरवणाऱ्यांत तो होता. वर्ष मोजणाऱ्याचं नाव बाटलीला लागलं, पण त्या बाटल्या साल बघून जपणारा गिऱ्हाईक आपल्याकडे नव्हता. २००० मध्ये नाशिकला राजीव सामंत यांच्या 'सुला'ची पहिली वाइन आली. २००१ मध्ये राज्य सरकारने द्राक्ष प्रक्रियेचं धोरण आणलं. शेतकऱ्यांना वाटलं, खाण्याच्या द्राक्षाला पर्याय मिळाला. त्यांनी कंपन्यांशी करार करून वाइनच्या जाती लावल्या.

२००८ ची मंदी आली, त्याच नोव्हेंबरात मुंबईवर हल्ला झाला, हॉटेलं ओस पडली. पाठोपाठ अनेक वायनऱ्या अडचणीत आल्या. नारायणगावची ती कंपनीही कर्जात बुडाली. मळ्यात द्राक्षं तयार आणि उचलणारं कुणी नाही. वाइनचं द्राक्ष बारीक, बियांचं, जाड सालीचं. बाजारात कोण घेणार? कित्येकांनी त्या वेली उपटल्या. बोर्दोत माल पडून राहिला तर त्याची किंमत वाढते. आपल्याकडे माल पडून राहिला तर तो सडतो. गोदाम ज्याचं, काळ त्याचा. हा फरक मला या सगळ्या शोधात सर्वांत जास्त बोचला. २०२२ मध्ये 'सुला'चा समभाग ३५७ रुपयांना बाजारात आला, तेव्हा भाच्याने मला फोन केला होता, "मामू, आता बाटली नको, कंपनीच घ्या." मी म्हटलं, माझ्याकडे ना तळघर, ना डीमॅट.

पुन्हा उन्हाकडे येतो. २००३ हे युरोपातलं अलीकडचं गाजलेलं उन्हाचं साल. त्या सालच्या वाइनवरून फार भांडणं झाली. 'पाव्ही' नावाच्या एका वाइनवरून पार्कर आणि इंग्लंडच्या जॅन्सिस रॉबिन्सन यांच्यात २००४ मध्ये जाहीर वाद पेटला. एकाला ती अप्रतिम वाटली, दुसरीला शिजून गेलेली. पण त्याच ऑगस्टमध्ये फ्रान्समध्ये उष्णतेने सुमारे पंधरा हजार माणसं गेली. बहुतेक म्हातारी, त्यातली कितीतरी एकटी राहणारी. साऱ्या युरोपचा आकडा पुढे सत्तर हजारांवर गेला. द्राक्षाला शिजवणारं ऊन तेच होतं. लिलावाच्या यादीत '२००३, उष्ण साल' असं लिहितात तेव्हा त्यात ही माणसं येत नाहीत.

फ्रान्समधल्याच बोन या गावात मात्र एक निराळी वही आहे. तिथल्या द्राक्षतोडणीच्या तारखा १३५४ पासून मिळतात, म्हणजे आपला तुघलक वारल्यानंतर तीन वर्षांनी सुरू झालेली नोंद. ऊन जास्त तर तोडणी लवकर, एवढा साधा नियम. २०१९ मध्ये अभ्यासकांनी या साडेसहाशे वर्षांच्या तारखा एकत्र मांडल्या. त्यांत दिसलं की पूर्वी फार उन्हाचं साल अधूनमधून यायचं. १९८८ पासून मात्र तोडणी सरासरी १३ दिवस आधी होऊ लागली. जे विरळा होतं ते रोजचं झालं. आता उन्हाचं साल दुर्मीळ म्हणून कोण जपणार?

आपल्याकडे अशी वही नाही, असं मला आधी वाटलं. मग लक्षात आलं, आहे. पैसेवारी. पीक पाहणी करून दर गावाला रुपयात किती पैसे पीक आलं ते ठरतं. पन्नास पैशांच्या आत म्हणजे टंचाई. पार्कर शंभरपैकी गुण देई, तलाठी आणि तहसीलदार शंभर पैशांपैकी पैसे देतात. फरक एवढाच की पार्करचे गुण वाढले तर मळेवाल्याचं भलं होई. आपल्याकडे पैसेवारी पन्नासच्या खाली यावी म्हणून शेतकऱ्याला मोर्चा काढावा लागतो. आपलं साल वाईट होतं, हे सिद्ध झालं तर चार पैसे हाती पडणार.

काही गावांनी उन्हाशी वेगळा करार केला, हेही सांगितलं पाहिजे. आमच्याच जालना जिल्ह्यातल्या कडवंचीत १९९६ पासून पाणलोटाचं काम झालं. बांध घातले, पाणी मुरवलं, पुढे शेततळी केली. २०१२-१३ मध्ये आमच्या बागा जळत होत्या तेव्हा कडवंचीत द्राक्षं तोडली जात होती. त्यांनीही साठवणच केली होती, पण पाण्याची. आमच्या भागात कालव्याच्या भरवशावर राहून आम्ही ती केली नाही, ही आमची चूक.

अब्बांना जाऊन आता काही वर्षं झाली. त्यांचं सुरुवातीचं शिक्षण निजामाच्या राज्यात उर्दूतून झालं होतं, म्हणून हिशोबाची वही ते शेवटपर्यंत उर्दूत लिहीत. त्यांच्या मागे ट्रंकेत अशा अकरा वह्या निघाल्या. पहिला पाऊस कोणत्या तारखेला, कालव्याचं आवर्तन कधी सुटलं, मोसंबीचा सौदा कोणत्या बागवानाशी आणि किती रुपयांना झाला, आंबे बहाराचा ताण कधी दिला आणि कधी तोडला. १९७२ च्या पानावर खडी फोडायला गेलेल्या दिवसांचे हजेरीचे आकडे आहेत. २०१३ च्या पानावर मे महिन्यात एकच ओळ आहे, किती झाडं तोडली त्याची. खाली वखारवाल्याने दिलेली रक्कम. त्याखाली सही.

मागच्या वर्षी भाचा आला तेव्हा त्याने त्या वह्या पाहिल्या. त्याला उर्दू येत नाही. तो म्हणाला, "मामू, मला वाचून दाखवा, मी उतरवून घेतो." आम्ही चार रात्री बसलो. १९८६ पर्यंत आलो आहोत. त्याने एकदाही विचारलं नाही की याची किंमत काय येईल. मी मात्र बारावी वही घातली आहे, मराठीत. या साली पहिला पाऊस कधी आला ते पहिल्या पानावर लिहिलं आहे.